आते, तिची रोसा आणि तीन अक्षरांची कंपनी

आखातातल्या एका इस्पितळाच्या रक्तपेढीत मी १९ वर्षं काढली, त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्रपाळ्या. गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका सहकारिणीला मी 'आते' म्हणायला लागले, कारण सगळेच तिला तसं म्हणत. शुक्रवारी रत्नागिरीला फोन लावला, बोलता बोलता ते तोंडातून गेलं, तर आई तिकडून म्हणाली, "आते? तुझी कुठली आते तिथं उगवली?" मी सांगितलं, फिलिपिनो आहे गं, त्यांच्यात थोरल्या बहिणीला आते म्हणतात. आई जरा गप्प झाली. फोनचं मीटर पळत होतं. मग म्हणाली, "म्हणजे आपली ताईच की. मग तिला सांग, तुला ताई म्हण म्हणावं." मी सांगितलं आणि ती म्हणायलाही लागली. खरं तर मी तिच्याहून सहा वर्षांनी धाकटी. पण पुढं सगळी वर्षं दोघी एकमेकींना थोरली बहीण म्हणत राहिलो आणि मान कुणालाच कमी पडला नाही.

आतेची भाषा तागालोग. तिच्यात अधूनमधून आपल्याकडचं कुणीतरी भेटायचं. शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', आशेला 'आसा'. रानातल्या देवतेला 'दिवाता'. हे शब्द कधीच्या काळी जहाजांतून तिकडं गेले आणि तिथलेच झाले. आतेला याचं काही विशेष वाटत नसे. तिला विशेष वाटायचं ते सिनेमाचं.

तिच्या लॉकरच्या दाराला आतून एक कात्रण चिकटवलेलं होतं. काळंपांढरं चित्र, कमानदार भुवई, ओठांवर असं हसू की समोरच्याचा संसार आता मोडणार. मी विचारलं, "कोण गं ही? नटी?" आते म्हणाली, "नटी होती. आमच्या सिनेमातली वाईट बाई. पण आम्ही तिला ओळखतो ते रक्तासाठी."

रोसा रोसाल. पन्नाशीच्या दशकातली पडद्यावरची नामांकित खलनायिका. 'कोन्त्राबिदा' हा त्यांचा शब्द, स्पॅनिशमधून आलेला. आणि त्याच काळात, १९५० पासून, ही बाई रेड क्रॉसमध्ये स्वयंसेविका म्हणून राबत होती. शूटिंग संपवून रक्तदानाच्या शिबिराला. ओळखीच्या, अनोळखी, हाताला सापडेल त्या माणसाला पलंगावर आडवं करायचं आणि बाही वर करायला लावायची. पुढं टीव्हीवर 'दामायान' नावाचा मदतकार्याचा कार्यक्रमही तिनं चालवला. आते म्हणायची, "तुझी हिमोग्लोबिनची सबब तिच्यापुढं चालली नसती, ताई." माझं हिमोग्लोबिन खरंच कमी असायचं, पण ते असो.

१९९९ साली रोसा रोसालला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, लोकसेवेसाठीचा. त्या दिवशी आतेनं घरून पान्सित करून आणलं, म्हणजे शेवयांचा परतलेला प्रकार, वर लिंबू पिळून खायचा, आणि सेंट्रीफ्यूजच्या शेजारी उभ्याउभ्या सगळ्यांना वाढलं. नियमात बसत नव्हतं. मी म्हटलं, "आते, हाच पुरस्कार, याच विभागातला, आमच्या बाबा आमट्यांना मिळालाय, १९८५ ला." तिनं विचारलं, "ते पण सिनेमात होते?" मी आनंदवनाची हकिकत सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली, आणि मग म्हणाली, "आता माझी ऐक. रोसा ज्या कंपनीत होती ना, त्या कंपनीची."

*

कंपनीचं नाव एलव्हीएन. तीन घराण्यांची आद्याक्षरं: दे लिओन, व्हिल्योंको, नावोआ. साल १९३८. तिघांत चाललं ते मात्र पहिल्या अक्षराचं, कारण त्या अक्षरामागं एक म्हातारी उभी होती. नार्सिसा बुएनकामिनो दे लिओन. सगळ्या देशाची 'दोन्या सिसांग'.

ही बाई बुलाकान प्रांतातल्या सान मिगेल गावची. मनिलाच्या उत्तरेला भाताचा मुलूख आहे तो. जन्म १८७७ चा, म्हणजे तिनं स्पॅनिश अमदानी पाहिली, क्रांती पाहिली, अमेरिकन आलेले पाहिले. जमीनजुमला, तांदळाचा व्यापार. नवरा गेलेला. आणि साठीला टेकल्यावर तिनं सिनेमा कंपनीत पैसा घातला. नुसता घालून व्याज मोजत बसली असती तरी चाललं असतं. ती रोज कचेरीत येऊन बसायला लागली. आमच्या आळीत त्या वयाच्या विधवा बाईच्या हातात लोकांनी जपमाळ दिली असती आणि चातुर्मासाची यादी. हिनं हातात हिशेबाची वही घेतली. कुठल्या गोष्टीचा सिनेमा करायचा, कुणाला घ्यायचं, कपड्यांवर किती खर्च, सगळ्याला तिचा होकार लागे.

तर एलव्हीएनचा इतिहास हा बराचसा एका आजीच्या आवडीनिवडीचा इतिहास आहे. तिला आवडायच्या लहानपणापासून ऐकलेल्या पद्यकथा, 'आवित' आणि 'कोरिदो' म्हणतात त्यांना: राजपुत्र, शाप, उडते पक्षी, सात डोंगरांपलीकडची राजकन्या. तिला आवडायची खेड्यातली प्रेमं, शेतातली गाणी, शेवटी लग्न. पहिलाच सिनेमा 'गिलिव को', १९३९ चा. नावाचा अर्थ 'माझ्या जिवलगा'. दिग्दर्शक कार्लोस वांदर तोलोसा. नायिका मिला देल सोल, सोळा वर्षांची पोर. नायक फर्नांदो पो, पुढं ज्याचा मुलगा त्याहून मोठा नट झाला. पहिल्या खेळाला राष्ट्राध्यक्ष मानुएल केसोन स्वतः आले होते. खेड्यातली गाणारी मुलगी, शहराची भूल, घराकडची ओढ. मी तो अलीकडं पाहिला. गोष्ट आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळते आणि तरी बघवत राहतो, कारण त्या पोरीच्या चेहऱ्यावर कॅमेऱ्याची भीती नाही. युद्धाआधीचे फिलिपिनो सिनेमे आज बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, त्यात हा एक. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयाच्या मदतीनं तो दुरुस्त झाला म्हणून.

बोटांवरच्या त्या मोजणीतलं दुसरं बोट म्हणजे 'इबोंग आदार्ना', १९४१. तोही एलव्हीएनचाच. ही गोष्ट तिकडं पोरांना शाळेत असते, आतेला अर्धी पाठ होती. राजा आजारी पडतो. औषध एकच: आदार्ना पक्ष्याचं गाणं. तो पक्षी रात्री झाडावर येतो आणि सात गाणी म्हणतो. ऐकणारा झोपला की वरून शिटतो आणि खालचा माणूस दगड होतो. दोन थोरले राजपुत्र असेच दगड झाले. धाकटा हुआन मात्र आपल्याच तळहातावर सुरीनं चिरा पाडतो आणि प्रत्येक गाण्याला त्या जखमेवर लिंबू पिळतो. झोप जवळ फिरकत नाही. आतेनं हे सांगितलं तेव्हा पहाटेचे साडेतीन झाले होते, रस्त्यावरच्या अपघाताच्या चार क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का ते पाहायच्या चाचण्या, नुकत्याच हातावेगळ्या झाल्या होत्या आणि माझी मान खाली जात होती. तिनं पान्सितबरोबर आणलेल्यातलं लिंबू माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "चीर पाडू?"

त्या सिनेमात पक्षी येतो तेवढाच भाग रंगीत आहे. चौकट चौकट घेऊन हातानं रंगवलेला. एका सेकंदाला चोवीस चौकटी, हिशेब तुम्हीच करा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात जपानी आले. जानेवारीत मनिला पडली. स्टुडिओ बंद, कच्ची फिल्म नाही, यंत्रं गेली. नटनट्या रंगमंचावर नाचगाण्याचे खेळ करून पोटं भरू लागल्या. १९४५ च्या फेब्रुवारी-मार्चात मनिला परत घेताना जी लढाई झाली, तीत सुमारे एक लाख सामान्य माणसं मेली आणि जुनं तटबंदीचं शहर, इंट्रामुरोस, चिरडून गेलं. तिथं सात चर्चं होती. सान आगुस्तीन हे एकटं उभं राहिलं.

पुढच्याच वर्षी दोन्या सिसांगनं 'ओरासांग गिंतो' काढून दुकान पुन्हा उघडलं. नावाचा अर्थ सोन्याचं घड्याळ. तेव्हा ती ६९ वर्षांची होती.

*

पन्नाशीचं दशक म्हणजे या कंपनीचं भरलं ताट. मनिलात चार मोठे स्टुडिओ: एलव्हीएन, साम्पागिता, प्रीमिअर आणि लेब्रान. नट पगारावर बांधलेले, हॉलिवूडच्या पद्धतीनं. कुबाओमधलं एलव्हीएनचं आवार म्हणजे एक गावच. निदा ब्लांका आणि नेस्तोर दे व्हिया ही नाचती जोडी तिथलीच. आतेच्या आईनं त्यांचे सिनेमे दोनदोनदा पाहिलेले. चारितो सोलिस तिथली. रोहेलिओ दे ला रोसा तिथला, जो १९५७ मध्ये सिनेटर म्हणून निवडून आला, आणि पुढं राष्ट्राध्यक्षपदालाही उभा राहून मग माघार घेऊन बसला. नट राजकारणात जाण्याची चाल आपल्याकडं दक्षिणेत रुजली, तिकडंही तेव्हापासूनची.

हे ताटातले बरेच पदार्थ गोडच होते. विनोदी, पोशाखी, गाण्यांचे. मी पाहिलेल्यांपैकी काही तर पाहून झाल्याझाल्याच विसरले. कंपनीला ते लागतच, त्यावरच भट्टी पेटायची. पण या सगळ्या गोडाला वैतागलेला एक माणूस त्याच आवारात होता.

लाम्बेर्तो आवेल्याना. मूळचा नाटकवाला. त्यानंच म्हणे त्या काळच्या हुरळणाऱ्या, टाळ्या पिटणाऱ्या प्रेक्षकाला 'बाक्या' हे नाव दिलं. बाक्या म्हणजे लाकडी तळाच्या सपाता, गरीब बायामाणसं घालायची त्या. आपण 'पिटातलं पब्लिक' म्हणतो तसं. हा शब्द तिकडं अजून चालतो, आणि आतेला त्याचा राग होता. "माझी आई बाक्या घालूनच जायची सिनेमाला," ती म्हणायची. "आवेल्यानाचे सिनेमे पण तिनं बाक्या घालूनच पाहिले." आतेच्या या रागापुढं माझ्याकडं कधी उत्तर नव्हतं. आवेल्याना मोठा होता आणि तो शब्द हलका होता, दोन्ही खरं.

त्याचा 'आनाक दालिता', १९५६. 'दुःखाचं लेकरू' असं काहीसं होईल. 'दालिता' ऐकल्यावर मराठी कान टवकारतोच, पण आवाज जुळला म्हणून मी सोयरीक लावत नाही. त्या सिनेमातली जागा पाहावी. इंट्रामुरोसमधलं पडकं चर्च, छप्पर उडालेलं. कमानींच्या खाली पत्र्याची आणि फळकुटांची खोपटी. जिथं देव्हारा असायचा तिथं दोरी बांधून कपडे वाळत घातलेले. ते नेपथ्य नव्हे. लढाई होऊन अकरा वर्षं झाली होती आणि त्या भग्नावशेषांत बेघर माणसं खरोखरच संसार मांडून होती. कोरियाच्या युद्धावरून एक शिपाई हात निकामी होऊन परततो तो इथं, मरणपंथाला लागलेल्या आईकडं. आधी तो मूर्ती घडवायचा. शेजारच्या खोपटात एक बाई राहते, रात्री बारमध्ये काम करते. ती रोसा.

लॉकरवरच्या कात्रणातली कमानदार भुवई या सिनेमात कुठं नाही. चेहरा धुतलेला, केस कसेतरी बांधलेले. ती हसते तेव्हा आधी कंटाळलेली दिसते आणि मग हसते. हे मी तीनदा मागं नेऊन पाहिलं. शिपाई झालेला तोनी सांतोस तिच्यासमोर उभा असतो, निकामी हात कुठं ठेवावा हे न कळून. दोघंही मोठमोठ्यानं बोलत नाहीत. एलव्हीएनच्या इतर सिनेमांत भावना झाली की गाणं येतं. इथं पाऊस येतो, घंटा येते, पोरांचा कालवा येतो. हाँगकाँगच्या आशियाई चित्रपट महोत्सवात त्या वर्षी हा सर्वोत्तम ठरला.

लगेच पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी 'बाजाओ' केला. सुलूच्या समुद्रात होड्यांवरच जन्मणारी नि मरणारी माणसं, मोत्यांसाठी बुडी मारणारा तरुण, जमिनीवरच्या सरदाराच्या घरातली मुलगी. तोक्योला त्याला दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण आणि संकलन अशी बक्षिसं मिळाली. सुंदर आहे. थोडा जास्तच सुंदर आहे, असं मला वाटतं. पाण्याखालची दृश्यं संपल्यावर माणसांकडं परत यायला कॅमेऱ्याला अवघड गेलंय.

दोन्या सिसांगला हे सिनेमे मनापासून आवडले असतील का? तिची गोडी राजपुत्रांची. पण तिनं ते होऊ दिले, पैसे दिले, आणि तिचा मुलगा मानुएल ते घेऊन हाँगकाँगला नि तोक्योला गेला. घरात एखादी करती सवरती म्हातारी असते, तिला नातसुनेचं बाहेर जाऊन काम करणं पटत नाही, पण डबा तीच भरून देते, तसं काहीतरी.

*

माझा सर्वांत आवडता सिनेमा मात्र आवेल्यानाचा नाही. मानुएल सिलोसचा 'बियाया नांग लूपा', १९५९. भूमीचा प्रसाद.

एक जोडपं, होसे आणि मारिया, तोनी सांतोस आणि रोसाच पुन्हा. लग्न झाल्यावर ती दोघं डोंगराशी लान्सोनेसची रोपं लावतात. लान्सोनेस हे फळ आते सुट्टीवरून परतताना एकदा घेऊन आली होती. द्राक्षासारखा घोस, पण साल मातकट पिवळी, थोडी लवदार. बोटांनी दाबली की फुटते आणि चिकट चीक हाताला लागतो, तो दिवसभर जात नाही. आत पारदर्शक पाकळ्या, लसणाच्या असाव्यात तशा, आंबटगोड. चावताना बी मध्ये आली तर कडूजहर. आतेनं आधी सांगितलं नाही, मी चावले, आणि ती पोट धरून हसली. "आता तुला सिनेमा कळेल," म्हणाली.

आणि खरंच कळला. कारण ते झाड लगेच फळ देत नाही, वर्षानुवर्षं वाट पाहायला लावतं. सिनेमात रोपं उंच होतात तशी मुलं उंच होतात. चार मुलं. त्यातला एक मुलगा जन्मतः मुका-बहिरा, लेरॉय साल्वादोर. त्याला याच भूमिकेसाठी १९६० च्या आशियाई महोत्सवात सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस मिळालं. सिनेमा त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवातही गेला. गावात एक दुष्ट माणूस आहे, त्याच्यामुळं घरावर एकामागून एक संकटं येतात, नवरा जातो, आणि बाग राखायला आई उरते.

पडद्यावर संसार मोडण्यात जिची हयात गेली तिला इथं संसार राखायचा आहे. रोसा तेव्हा जेमतेम तिशीची, आणि ती वाढत्या मुलांची आई म्हणून उभी राहते. पदर खोचलेली कोकणातली बाई काजूच्या बागेत उभी असते, कंबरेवर हात, नजर झाडावर, किती निघेल याचा मनात हिशेब, ती उभी राहण्याची पद्धत मला तिच्यात दिसली. माझी आई तशी उभी राहायची. हे मी आतेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझी पण."

*

आणि मग १९६१ ला कंपनीनं सिनेमे काढणं थांबवलं. युद्धाचा काळ सोडला तर वीसेक वर्षं नुसती धावपळ आणि मग एकदम शांत. कारणं नेहमीचीच: खर्च वाढले, बांधलेले नट सुटून स्वतःच निर्माते झाले, कामगारांशी तंटे, हॉलिवूड होतंच, वर टीव्ही. दोन्या सिसांग १९६६ मध्ये गेली.

पण आवार बंद पडलं नाही. आता तिथं इतरांची फिल्म धुतली जाऊ लागली, आवाज मिसळला जाऊ लागला. सिनेमे दुसऱ्यांचे, रसायनं एलव्हीएनची. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिकडं जे मोठं काम झालं त्यातलं पुष्कळसं याच प्रयोगशाळेच्या टाक्यांतून गेलं. २००५ पर्यंत ती चालली. मी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेली बाई, मला कंपनीचं हे दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा कमी वाटत नाही. पोस्टरवर नाव नाही, पण रात्री दोन वाजता कुणीतरी टाकीचं तापमान बघतंय.

त्या टाक्यांच्या आसपास एक मुलगा वाढला. माइक दे लिओन, दोन्या सिसांगचा नातू, मानुएलचा मुलगा. आधी त्यानं लिनो ब्रोकाच्या १९७५ च्या मनिलावरच्या सिनेमाचं छायाचित्रण केलं, निर्मितीही. मग स्वतःचे सिनेमे. आजीची खेडी, गाणी, लग्नं यांतलं त्यात काही नाही. १९८१ चा 'किसापमाता' पाहिला तेव्हा मी मध्येच उठून दिवा लावला. निवृत्त पोलीस असलेला बाप, लग्न झालेली मुलगी, आणि बाप तिला घरातून जाऊ देत नाही, एवढीच गोष्ट. ओरडाआरडा नाही. जेवणाच्या टेबलावरची शांतताच माणसाला गुदमरवते. ज्या कंपनीनं वीस-बावीस वर्षं घर या गोष्टीची आरती केली, त्याच घरच्या मुलानं घराच्या दाराला आतून कडी कशी असते ते दाखवलं. मात्र १९८० चा 'काकाबाकाबा का बा?' हा त्याचा चावट सिनेमा त्यानं एलव्हीएनच्याच नावाखाली काढला. तो गाण्यांचा आहे. आजी हसली असती, पण चर्चमधल्या प्रसादात अफू मिसळण्याच्या प्रसंगापर्यंतच.

मग हाच बंडखोर म्हातारपणी राखणदार झाला. लॉकडाउनच्या वर्षी, मी निवृत्त होऊन ठाण्याला आलेली, आते बुलाकानला. एके दिवशी तिचा निरोप आला, खाली दुवा. माइक दे लिओननं कंपनीचे जुने सिनेमे, जसे हाताशी होते तशा प्रतींत, इंटरनेटवर फुकट ठेवले होते. जागेला नाव दिलं होतं 'कासा ग्रांदे'. थोरला वाडा. मी यादी बघत बसले, आणि मग पुढचे काही महिने दुपारी जेवण झालं की वाड्यात. वरती ज्या सिनेमांबद्दल लिहिलं ते बहुतेक तेव्हाच पाहिलेले. आधी ती नावं मला फक्त आतेच्या तोंडून माहीत होती.

काही प्रतींवर पाऊस पडत राहतो, इतके चरे. काहींत माणसांचे चेहरे कडेकडेनं विरघळतात. मला ते पाहून रक्तपेढीच आठवते. तांबड्या पेशी २ ते ६ अंशांवर, ४२ दिवस. प्लेटलेट खोलीच्या तापमानाला, सतत हलत्या ठेवायच्या, ५ दिवस. प्रत्येक पिशवीवर तारीख. फ्रिजचा अलार्म वाजला तर रात्री घरून उठून यायचं. फिल्मलाही थंडावा लागतो, कोरडी हवा लागते, आणि मनिलात दोन्ही नाही. जुनी फिल्म बिघडायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, आम्लच सुटत असतं तिच्यातून. आतेच्या अदोबोला पण तोच वास. मांस व्हिनेगरमध्ये शिजवतात, टिकतं म्हणून.

मी तिला फोनवर विचारलं, "इतके सिनेमे केले तुमच्या लोकांनी, गेले कुठं गं सगळे?" ती थोडी थांबली. मग म्हणाली, लहानपणी ३१ डिसेंबरच्या रात्री गल्लीतली सगळी पोरं 'तोरोतोत' वाजवायची. पुठ्ठ्याची पिपाणी असते, तोंडाशी आत एक पातळ पट्टी बसवलेली, तिच्यानं आवाज निघतो. ती पट्टी जुन्या फिल्मची असायची. भंगारात विकत मिळायची ना. "मी एकदा पिपाणी फोडून पट्टी काढली," आते म्हणाली, "आणि दिव्यासमोर धरली. चार चौकटी होत्या. एक बाई दारातून आत येत होती. चारही चौकटींत दारातच."

"कोण होती?"

"काय माहीत. चेहरा दाताच्या बाजूला होता. चावून गेलेला."

२०२५ च्या ऑगस्टात माइक दे लिओन गेला. ७८ वर्षांचा होता. आतेनंच कळवलं. त्या संध्याकाळी मी 'बियाया' पुन्हा लावला आणि रोसा झाडाखाली कंबरेवर हात ठेवून उभी आहे तिथं चित्र थांबवलं. मोबाईलनं त्याचा फोटो काढून आतेला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. कळेल म्हटलं तिला.

दोन निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही नाही. मग आलं:

"ताई, शेवटचं रक्त कधी दिलंस?"

मी लिहिलं, "आते, ६६ पूर्ण झाली मला. इकडं ६५ नंतर घेत नाहीत."

"मग दुसरं कुणीतरी घेऊन जा. शेजारी कोण राहतं तुझ्या?"